एक कारंजं, अकस्मात खर्चासह

अण्णा खांबेट्यांना चहाला बोलावलं, तर ते 'येतो' म्हणत नसत आणि 'नको'ही म्हणत नसत. चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघत आणि विचारत, "अकस्मात धरलंत का?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरलोच. लोणावळ्याच्या टपाल कचेरीत माझी नुकती बदली झाली होती, अण्णांच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि शेजारधर्म म्हणून मी त्यांच्या ओटीवर गेलो होतो. मला वाटलं, यांच्याकडे कुणाचं काही बरंवाईट झालं. मग खुलासा झाला. अण्णा तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात एस्टिमेट क्लार्क होते. रस्ता असो, मोरी असो, नाहीतर मामलेदारांच्या घोड्याचा तबेला असो, त्याचं अंदाजपत्रक अण्णांच्या हातून जायचं, आणि प्रत्येक अंदाजपत्रकाची शेवटची ओळ ठरलेली असायची: 'अकस्मात खर्च, शेकडा पाच.' अण्णा पेन्शनीत निघाले, पण ती ओळ काही त्यांच्यातून निघाली नाही. दोघांचा चहा टाकायचा, तर दूध नासलं, कप फुटला किंवा तिसरा कोणी टपकला, याची तरतूद आहे का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी नाही म्हणालो.

"मग उद्या बोलवा," अण्णा म्हणाले. "धरून."

दुसऱ्या दिवशी मी अर्धा कप दूध जास्त घेतलं, आणि ते आले.

पावसाळ्यात अण्णा दोन छत्र्या घेऊन बाहेर पडत. एक उघडलेली, एक काखेत. आणि त्या दोन छत्र्यांवर शेकडा पाच म्हणून कोटाच्या खिशात मेणकापडाचा रुमालाएवढा तुकडा. तो तुकडा मी कधी बाहेर निघालेला पाहिला नाही, पण तो नसता तर अण्णा घराबाहेर पडले नसते हे खरं.

एकदा मला हिवताप भरला. डॉक्टरांच्या आधी अण्णा आले. त्यांनी नाडी पाहिली नाही, कपाळाला हात लावला नाही, कागद काढला. कोयनेल, साबूदाणा, दूध, रजेचे दिवस, सगळं ओळीनं मांडलं आणि खाली लिहिलं, अकस्मात.

"म्हणजे काय हो, अण्णा?" मी पांघरुणातून विचारलं.

"ते सांगता आलं असतं तर वरच लिहिलं नसतं का?" अण्णा म्हणाले.

त्यांच्या पत्नी, माई, या माणसाबरोबर तेहेतीस वर्षं राहिल्या होत्या आणि तरी हसत होत्या. "यांच्या पत्रकात मीठमिरचीपासून मांजरीच्या दुधापर्यंत सगळं असतं," त्या म्हणायच्या. "मीच कुठे नसते." अण्णा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी तेव्हा एकटा होतो, सणावारी मला त्यांच्याकडेच जेवायला बोलावणं असे. बोलावणं तरी कसलं, मी दारातून डोकावलो की पान मांडलेलंच असायचं. अण्णांच्या शेजारचं. आपल्यावर या म्हाताऱ्याचा फार जीव आहे अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी कित्येक पुरणपोळ्या खाल्ल्या.

आता कारंज्याकडे वळायचं, पण त्याआधी वेणूच्या लग्नाची हकीकत सांगायला हवी. ती सांगताना आजही मला हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते.

वेणू ही अण्णांची एकुलती एक मुलगी. मिरजेचं स्थळ, माणसं चांगली, मुलगा वकील. त्या घरात शब्द चालायचा तो मुलाच्या थोरल्या काकांचा. काकासाहेब कोर्टात शिरस्तेदार होते, आणि ते बसल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी बसत नसे. त्यांनी लग्नाआधी पत्र पाठवलं होतं की गुडघ्यांमुळे प्रवास झेपणार नाही, येता येत नाही, क्षमस्व. अण्णांनी यादीतलं त्यांचं नाव रीतसर खोडलं. जेवणाची पानं धरली एकशेवीस. त्यावर शेकडा पाच अकस्मात, म्हणजे सहा. ती सहा पानं कोठीत वेगळी बांधून ठेवलेली होती, मी स्वतः पाहिली.

आणि पंगत बसत असताना काकासाहेब आले. पुतण्याच्या प्रेमानं गुडघे बांधून, काठी टेकत, मिरजेहून लोणावळ्यापर्यंत आले. अण्णा हातात यादी घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभे होते. मी पाणी वाढत होतो. त्यामुळे जे बोलणं झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"आपलं पान नाही," अण्णा म्हणाले.

"पान नाही?" काकासाहेब म्हणाले.

"आपण वजा झालेले आहात."

मी तांब्या खाली ठेवला. माई आतून धावत आल्या, "अहो, ती सहा पानं आहेत ना?" म्हणाल्या. त्यावर अण्णांनी भर मांडवात तिथल्या तिथे नियम समजावून सांगितला. अकस्मात म्हणजे ज्याची कल्पनाच नव्हती तो. काकासाहेबांची कल्पना होती. त्यांना आधी धरलं होतं, मग वजा केलं होतं. धरून वजा केलेला माणूस अकस्मात होऊ शकत नाही. खात्यात यावर परिपत्रकच होतं.

माई पान घेऊन येईपर्यंत काकासाहेब मांडवाबाहेर गेले होते. जाताना ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "जिथं मी वजा, तिथं आमची सून वजा."

त्यानंतर सात वर्षं वेणू माहेरी आली नाही. पहिली मंगळागौर नाही, दिवाळसण नाही, बाळंतपणसुद्धा मिरजेलाच झालं. पत्रं यायची, ती माझ्याच हातून जायची. अण्णा पाकीट हातात घेऊन वजन करून बघायचे आणि न फोडता माईंकडे द्यायचे. त्यांनी काकासाहेबांना चार ओळी लिहाव्यात असं माई म्हणाल्या, मी म्हणालो, आळीतले आणखी दोघे म्हणाले. माफी मागायचं सदर अण्णांच्या वहीत नव्हतं, आणि सदर नसलं की त्यांना पुढे लिहिताच येत नसे. त्या काळात मला त्यांचा रागही यायचा.

आणि एका फाल्गुनात वेणूचं जे पत्र आलं, ते अण्णांनी स्वतः फोडलं. पाकीट जड होतं म्हणून फोडलं असेल. अक्षय्यतृतीयेला सकाळी पोचते आहे, असं तिनं लिहिलं होतं. बरोबर पाच वर्षांची मुलगी. हे पोचवून त्याच दिवशी परत जातील. काकांना कुणी विचारलं नव्हतं, एके दिवशी आपण होऊनच म्हणाले, सुनेला आईकडे पाठवा. ते स्वतः गुडघ्यांमुळे हल्ली घराबाहेर पडत नाहीत. आणि खाली होतं, 'अण्णा, कारंज्याचं पत्रक अजून माझ्या पेटीत आहे. सोबत पाठवते. दर वाढले असतील ना?'

पाकिटातला दुसरा कागद म्हणजे ते पत्रक. अण्णांनी ते माझ्यापुढे धरलं. वेणू सात वर्षांची असताना अण्णांचं बोट धरून शेठलोकांच्या बंगल्यांकडे फिरायला गेली होती. एका बागेत कारंजं उडत होतं. ती कुंपणाला नाक लावून बघत राहिली, तेवढ्यात माळ्यानं चावी फिरवली आणि पाणी बसलं. परत येताना ती म्हणाली, "अण्णा, आपल्या मागच्या दारी असं करायला किती लागेल? मांडा ना."

"तीस वर्षं मांडलं," अण्णा मला म्हणाले. "साहेबांनी मागितलं म्हणून मांडलं, मक्तेदारांनी मागितलं म्हणून मांडलं. आवडीनं मागणारी ही एकटीच."

त्या संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं की वेणू दारात पाऊल टाकेल तेव्हा मागच्या अंगणात कारंजं उडत असलं पाहिजे. माई म्हणाल्या, लोणावळ्यात कारंजं? इथं चार महिने आभाळ फुकट उडवतंय तेवढं पुरत नाही? पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

कारंजं निवडायचं काम अण्णांनी खात्याच्या शिस्तीनं केलं. मला बरोबर घेऊन रोज संध्याकाळी एक बंगला. शेठ मुंबईत, माळी ओळखीचा, त्यामुळे कुठेही मज्जाव नव्हता. पहिल्या बंगल्यात संगमरवरी बाई होती, खांद्यावर घागर आणि अंगावर जवळजवळ काही नाही. अण्णांनी टेप लावून घागरीची उंची घेतली. घरी वर्णन ऐकून माईंनी विचारलं, "आणि ती बाई पावसाळ्यात काय पांघरते?" तो पर्याय रद्द झाला. दुसरीकडे सिंहाच्या तोंडातून पाणी पडत होतं. सिंहाला ओकाऱ्या होताहेत असं अण्णांचं मत पडलं. तिसरीकडे बगळ्यांची जोडी होती, तीत एक बगळा चोंदलेला. मुंबईच्या एका दुकानाची सचित्र किंमतपुस्तिका मागवली. तिच्यातलं सर्वांत गरीब कारंजं अण्णांच्या पाच महिन्यांच्या पेन्शनीचं निघालं. त्यांनी ती पुस्तिका नीट बांधून परत पाठवली, कारण ठेवून घ्यायची तर ती कोणत्या सदरात ठेवायची हा प्रश्न होता.

शेवटी ठरलं ते साधं. आठ कोनांचा हौद, मध्ये सिमेंटचं कमळ, कमळातून नळी. घाटात विजेची इंजिनं आल्यापासून स्टेशनाकडे जुन्या लोखंडी टाक्या भंगारात निघत होत्या. तसली एक अण्णांनी घेतली. न्हाणीमागे विटांचे चार खांब उभे करून ती वर चढवायची, तिच्यातलं पाणी नळानं खाली हौदात आणायचं, म्हणजे ते आपल्या जोरानं वर उडतं. नळीच्या तोंडाला पितळी तोटी महाग पडत होती. त्यावर माईंनी झाडांना पाणी घालायच्या जुन्या झारीचं चाळणीचं तोंड काढून दिलं. त्यातून पाणी सोडून पाहिलं तेव्हा चांगल्या पन्नास धारा पडल्या. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी किमतीच्या रकान्यात 'घरचे' असं लिहिलं. त्यांच्या कुठल्याही पत्रकात तो शब्द मी प्रथमच पाहिला.

पत्रक तीन दिवस चाललं होतं. विटा, चुना, सिमेंट, वाळू, नळ, बिगारी, परंदवडीहून गवंड्याचं येणं-जाणं, चौदा बाबी. मूळ कागद शेजारी ठेवून अण्णा नवे दर भरत होते. वेणूच्या सातव्या वर्षी वीट काय भावाची होती आणि आता काय भावाची आहे, हे बघून ते मधूनमधून थांबत. मला वाटतं ते विटांचा विचार करत नसावेत.

परंदवडीचा धोंडू गवंडी हा शांत माणूस. अण्णांच्या हाताखाली त्याची शांती टिकली यावरूनच ते कळावं. अण्णा दर थराला ओळंबा स्वतः लावून बघायचे. पहिल्याच दिवशी धोंडूनं टोपी मागे सारून विचारलं, "आण्णा, पान्याचं कसं?"

"पाणी मक्तेदाराचं," अण्णा म्हणाले.

"आँ?"

"नियम आहे. कामाला लागणारं पाणी मक्तेदारानं आणायचं. आम्ही पत्रकात पाणी कधी धरत नाही."

"म्हंजे मी?"

"तूच मक्तेदार."

धोंडूनं एकदा विहिरीकडे आणि एकदा अण्णांकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि पोहरा उचलला.

कमळावरून मात्र दोघांचं वाजलं. धोंडूनं चार दिवस खपून जे केलं ते कोबीसारखं दिसत होतं. अण्णांनी तसं सांगितलं.

"मंग कोबीच आसंल त्यो," धोंडू म्हणाला. "आमच्या परंदवडीत कमळ हाय कुटं? कोबी लय बगितलाय."

अण्णा पाकळ्यांची मापं काढायला लागले तेव्हा माईंनी मध्ये पडून सांगितलं की राहू दे, पोरीला आवडेल. बांधकाम पुरं झालं. एकवीस दिवस त्यावर पाणी मारायचं, हाही नियम. सकाळ-संध्याकाळ अण्णा उभे राहायचे आणि धोंडू पोहऱ्यामागून पोहरे ओतायचा. एक पोहरा कमी पडला तर अण्णा बोट वर करत. चैत्र संपत आला होता, उन्हानं डोंगर पिवळे पडले होते, आणि आमच्या आळीच्या त्या एका विहिरीतलं पाणी रोज त्या हौदाच्या भिंती पीत होत्या. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. वर्षातले चार महिने ज्यांच्या भिंतींना शेवाळ येतं, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, त्या गावात पाणी मोजायची सवय कुणाला असणार?

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी चाचणी ठरली. आळी जमली. अण्णांनी कोट घातला होता. त्यांनी चावी फिरवली. कमळातून हवा निघाल्याचा बारीक आवाज आला आणि एक मुंगळा बाहेर पडला.

"टाकी रिकामी आहे," मी म्हणालो.

"भरा," अण्णा म्हणाले.

धोंडूनं विहिरीत पोहरा सोडला. दोर संपेपर्यंत सोडला. खालून दगडाला धातू लागल्याचा आवाज वर आला. पोहऱ्यात गाळ आला, वर चार बोटं पाणी. प्यायला पुरेल एवढंच रात्रीतून झिरपत होतं.

अण्णांनी खिशातून पत्रक काढलं आणि पहिल्या बाबीपासून वाचायला सुरुवात केली. बोट चौदाव्या बाबीवर पोचलं, अकस्मातावर पोचलं, परत वर गेलं.

"पाणी नाही," ते म्हणाले.

"विहिरीत नाहीच," मी म्हणालो.

"पत्रकात नाही."

तीस वर्षं त्यांनी पुलांची, बंगल्यांची, हौदांची पत्रकं केली होती आणि एकातही पाणी धरलं नव्हतं. ते नेहमी मक्तेदाराचं असायचं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही बांधलं, तेही पाण्याचंच काम, आणि त्यात पाणीच नव्हतं. लोक हसले. मीही हसलो. अण्णा हौदाच्या काठावर बसले ते बसलेच.

पाणी विकत मिळत होतं, नाही असं नाही. कासमभाई भिस्ती बैलावर पखाल घालून पाणी पुरवायचे, पण मेच्या दिवसांत शेठलोक हवा खायला आले की त्यांचा बैल बंगल्यांना बांधलेला. सकाळपासून रांग लागायची. मी जाऊन विचारून आलो, तर चार दिवस सवड नव्हती.

संध्याकाळी माई स्वयंपाकघरात उद्याच्या पानांचे द्रोण लावत बसल्या होत्या. मी दाराशी उभा राहिलो. मला वाटलं आपण काही धीराचं बोलावं.

"अण्णांच्या शेजारचं पान उद्या वेणूला," मी म्हणालो. "मी बाजूला बसेन."

माईंनी वर पाहिलं. "ते पान तुमचं नव्हतंच हो कधी," त्या हळूच म्हणाल्या. "वेणूचंही नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला यांनी आपण होऊन ते एक जास्तीचं पान मांडलं. काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर सणाला मांडतात. तुम्ही येता म्हणून अन्न वाया गेलं नाही, एवढंच."

सात वर्षं मी दुसऱ्याच्या पानावर जेवत होतो, आणि कुणाच्या ते आता मला कळलं होतं. मला त्या म्हाताऱ्याबद्दल जे वाटलं ते मी कधी त्यांना सांगितलं नाही, इथे सांगतो. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मागच्या दारी घंटा वाजली. बैलाच्या गळ्यातली. बाहेर आलो तर धोंडू शिडीवर, टाकीचं झाकण उघडलेलं, आणि खाली कासमभाई बादल्यांत पखाल मोकळी करत होते. एक खेप ओतून झाली होती. परंदवडीहून धोंडू रात्रीच निघाला असावा.

अण्णा धोतर सावरत आले. "पाणी कुठून?"

"इंद्रायनीच्या डोहातनं," धोंडू वरूनच म्हणाला. "पानी मक्तेदाराचं. तुमीच म्हनला न्हवं?"

"आणि खेपांचे पैसे?" अण्णांनी कासमभाईंकडे पाहून विचारलं. हात सवयीनं खिशातल्या कागदाकडे गेला.

"अण्णा, आज अक्षय्यतृतीया," कासमभाई म्हणाले. "तुमच्यात आज घरोघर पाण्याचे घडे दान देतात. अशा दिवशी मी पाण्याचा दाम घेतला तर आळी मला काय म्हणेल? बंगले उठायला अजून अवकाश आहे, आणखी तीन खेपा होतील."

"व्हय, आकितीला पान्याचं पैसं कोन घेतं?" धोंडू म्हणाला. "द्या बादली हिकडं."

अण्णांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. मग त्यांनी दुसरी बादली उचलली आणि शिडीखाली उभे राहिले. एस्टिमेट क्लार्कनं बादली उचललेली आळीनं पहिल्यांदाच पाहिली.

साडेदहाच्या सुमारास टांगा आला. अण्णांनी मला चावीजवळ उभं केलं होतं. मी ती फिरवली. आधी एक खोकला, मग थोडं गढूळ, आणि मग त्या कोबीतून पन्नास धारा उठल्या, छातीएवढ्या उंच, आणि हौदात पडायला लागल्या. मी धावत पुढच्या दारी गेलो.

वेणू उतरली होती. माईंनी तिला धरलं होतं. छोटी मुलगी फाटकातून आत शिरून पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं गेलीसुद्धा. अण्णा टांग्याकडे बघत होते. टांग्यातून जावई उतरायचे, ते उतरले नाहीत. आधी एक काठी बाहेर आली. मग एक पाय, फार सावकाश. मग काकासाहेब.

"त्याला कोर्टातून सवड मिळाली नाही," ते म्हणाले. फाटकाबाहेरच ते थांबले. "मुलीला एकटीला कसं पाठवायचं? मी येत नाही असं सुनेनं कळवलं होतं, तेव्हा मी वजाच असेन. पोचवलं माझं काम झालं. दुपारच्या गाडीनं जातो."

टांगेवाल्यानंही लगाम धरून ठेवला. मागून कारंज्याचा आवाज येत होता. अण्णा वळले आणि घरात गेले. वेणूचा चेहरा उतरला. माईंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, हा मनुष्य आता यादी बघायला गेला.

ते खरोखरच यादी घेऊन आले. फाटकावरून त्यांनी तो कागद काकासाहेबांपुढे धरला. काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि कोर्टात वाचत असतील तसं स्वच्छ वाचलं.

"आजची पानं. वेणू, एक. जावई, एक. नात, अर्धं. एकूण अडीच. अकस्मात, शेकडा पाच..." ते थांबले. "एक."

त्यांनी पुन्हा वाचलं. शिरस्तेदार होते, हिशेब त्यांनाही येत होता.

"खांबेटे, अडीच माणसांवर शेकडा पाच म्हणजे एक होत नाही. दोन आणे माणूस होतो."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "सात वर्षं मांडून बघतोय. पण त्याहून कमी धरवेना."

काकासाहेबांनी कागदाची घडी घातली आणि ती आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग काठी डाव्या हातात घेऊन फाटकाची कडी त्यांनी स्वतः काढली.

कारंजं वीस मिनिटं उडालं. वेणू हौदाच्या काठावर बसून होती, तिची मुलगी कोबीवर हात धरून होती, आणि काकासाहेब खुर्चीवर गुडघे लांब करून विचारत होते की ही तोटी कोणत्या दुकानातली. पाणी संपलं तेव्हा छोटीनं विचारलं, पुन्हा केव्हा? अण्णा म्हणाले, "मांडून सांगतो."

जेवायला अण्णांच्या शेजारी काकासाहेब बसले. छोटी अर्ध्या पानावर बसेना, ती बापाच्या पूर्ण पानावर बसली, आणि पानं सगळी भरली. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होतो, तसाच, सात वर्षांपूर्वी होतो तिथेच.

"अण्णा," मी म्हणालो, "आज मी वजा का?"

"छे," ते म्हणाले. "घरच्यांना पत्रकात धरत नाहीत."

माई तेव्हा तूप वाढत होत्या. त्या क्षणभर थांबल्या, आणि मग अण्णांच्या भातावर इतकं तूप पडलं की ते कोणत्याच सदरात बसलं नसतं. अण्णांनी ते मुकाट्यानं कालवलं आणि खाल्लं.